सरकार कोणत्या शब्दाला घाबरतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला आणि आपल्या संरक्षण खात्याला 'डिपार्टमेंट ऑफ वॉर' हे जोडनाव लावायची मुभा दिली. त्याबरोबर एक जुना वाद नव्याने पेटला. एक पक्ष म्हणाला, 'डिफेन्स' हा शब्दच ढोंगी होता. निम्म्या जगात फौजा ठेवणाऱ्या देशाने स्वतःच्या खात्याला संरक्षण म्हणावं ही लबाडी, आता निदान पाटी तरी खरं बोलते. गंमत अशी की हे म्हणणाऱ्यांत युद्धाचे भोक्ते होते तसेच कट्टर युद्धविरोधकही होते. दुसरा पक्ष म्हणाला, नाव रांगडं केलं की वृत्तीही रांगडी होते, तेव्हा शब्द सौम्य असलेलाच बरा. इंग्रजीतल्या युद्धशब्दांबद्दलची चर्चा गेली कित्येक वर्षं याच दोन टोकांमध्ये हेलकावे खाते आहे. 'कोलॅटरल डॅमेज' म्हणू नका, माणसं मारली म्हणा. 'स्ट्राइक' नको, बाँबफेक म्हणा. मवाळ शब्द खोटा, जहाल शब्द खरा, असं हे सरधोपट समीकरण आहे.

मला हे समीकरणच चुकीचं वाटतं. युद्धातला शब्द कानाला कसा लागतो याला फारसं महत्त्व नाही. त्या शब्दाने कोण बांधला जातो, कुणाला काय देणं लागतं आणि उद्या जाब कुणाला विचारता येतो, हे पाहायला हवं. ही कसोटी लावली की चित्र पार उलटंपालटं होतं. काही अगदी गुळमुळीत, कारकुनी शब्दांनी माणसांना आधार दिलेला दिसतो आणि काही रोखठोक, मर्दानी शब्दांच्या आड वाटेल ते खपून गेलेलं दिसतं.

समोरच्या पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा आधी मान्य करतो. मार्च १९४२ मध्ये चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी एक टिपण लिहिलं. दाट वस्तीवर एक टन बाँब टाकले की २० ते ४० घरं पडतात आणि १०० ते २०० माणसं उघड्यावर येतात, असा त्यात हिशेब होता. जर्मनीच्या ५८ मोठ्या शहरांना हा गुणाकार लावला होता. सगेसोयरे मेल्यापेक्षा घर गेल्याचं दुःख लोकांना जास्त होतं, असंही निरीक्षण होतं. मेलेल्यांचा रकाना मात्र नव्हता. इतिहासात हे 'डीहाउसिंग'चं, म्हणजे बेघर करण्याचं, टिपण म्हणून ओळखलं जातं; जणू भाडेकरूंना नोटीस द्यायची आहे. १९६९-७० मध्ये अमेरिकेने तटस्थ कंबोडियावर चोरून बाँबफेक केली, तिच्या टप्प्यांची नावं ब्रेकफास्ट, लंच, स्नॅक, डिनर, सपर, डेझर्ट अशी होती, आणि एकूण मोहिमेचं नाव 'मेन्यू'. पुढे २००१ नंतर कैद्याच्या नाकातोंडात पाणी ओतणं, त्याला दिवसेंदिवस झोपू न देणं, याला 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन', म्हणजे वाढीव चौकशी, म्हटलं गेलं. हे शब्द निरुपद्रवी होते असं कोण म्हणेल? टेबलामागे बसून सही करणाऱ्याचा हात थरथरू नये याची सोय या शब्दांनी केली.

पण मग प्रश्न असा की खरा शब्द वापरला असता तर तो हात थांबला असता का? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, जर्मनीवरच्या त्याच बाँबफेकीचा इतिहास पुरे आहे. ब्रिटिश बाँबर दलाचे प्रमुख आर्थर हॅरिस यांना ही शब्दांची झाकपाक मुळीच पसंत नव्हती. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी हवाई मंत्रालयाला लिहिलं की जर्मन शहरं उद्ध्वस्त करणं, कामगारांना मारणं आणि तिथलं नागरी जीवन मोडून टाकणं हाच आपला हेतू आहे आणि तो जाहीरपणे, निःसंदिग्धपणे सांगा. मंत्रालयाने नकार दिला. म्हणजे सगळ्यात प्रामाणिक भाषा कुणाची, तर ज्याच्या हुकमाने हँबर्ग जळलं त्याची. जुलै १९४३ च्या त्या हल्ल्यांत तीस हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्या मोहिमेचं नावही सौम्य नव्हतं. देवाने आग बरसवून नष्ट केलेल्या बायबलमधल्या नगरीचं, 'गोमोरा'. मार्च १९४५ मध्ये, ड्रेस्डेन हे जर्मन शहर बाँबफेकीत जळाल्यानंतर, खुद्द चर्चिल यांनी एका टिपणात या बाँबफेकीला दहशत वाढवण्याचा प्रकार म्हटलं. सेनाधिकारी बिथरले, टिपण मागे घेतलं गेलं आणि चार दिवसांनी सौम्य शब्दांत पुन्हा लिहिलं गेलं. खरा शब्द असा एकदा कागदावर उतरला आणि पुसलाही गेला. दोन्ही वेळा कुणावर काही बंधन आलं नाही. बंधन आलं ते १९७७ मध्ये, युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या, म्हणजे पुरवणी कराराच्या, ५१ व्या कलमात. एका शहरातली वेगवेगळी लष्करी लक्ष्यं एकच लक्ष्य समजून अख्ख्या शहरावर बाँब टाकणं निषिद्ध, असं ते कलम सांगतं. वाचायला इतकं कोरडं की झोप यावी. अमेरिकेने त्या प्रोटोकॉलला अजून मान्यता दिलेली नाही, ब्रिटनने १९९८ मध्ये दिली. पण त्या कलमावर बोट ठेवून आज कुणालाही खडसावता येतं, हॅरिसच्या प्रांजळ पत्रावर बोट ठेवून येत नाही.

रोखठोकपणाचं आणखी एक उदाहरण व्हिएतनामचं. 'बॉडी काउंट' यापेक्षा उघडावाघडा शब्द कोणता असेल? मढी मोजा. मढी मोजली गेली, बढत्या त्या आकड्यांवर अवलंबून राहिल्या, आणि मेलेला प्रत्येक खेडूत शत्रूच्या खात्यात जमा होऊ लागला. शब्दात काडीचा आडपडदा नव्हता, फसवणूक मात्र भरपूर होती. याउलट 'कॅज्युअल्टी' हा खास कारकुनी शब्द. मेलेले, जखमी, बेपत्ता, कैद झालेले, म्हणजे उद्या सेनापतीला रांगेत उभे करता येणार नाहीत असे सगळे त्यात येतात. १ जुलै १९१६ ला, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांचे ५७,४७० 'कॅज्युअल्टी' झाले, त्यातले मृत १९,२४०. (आपल्याकडे बातमी भाषांतरित करताना हा सगळा आकडा सर्रास मृतांचा म्हणून छापला जातो, आणि तो जास्त भयंकर दिसतो म्हणून कुणी तक्रारही करत नाही.)

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो 'शेल शॉक'बद्दल. एक लोकप्रिय तक्रार अशी: पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' असा दोन ठोक्यांचा, दणका देणारा शब्द होता, दुसऱ्यात तो 'बॅटल फटीग' झाला, आणि व्हिएतनामनंतर 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' असा लांबलचक आणि बेचव. शब्द लांबत गेला तशी त्यातली वेदना पातळ झाली, असा निष्कर्ष. ऐकायला झकास आहे. पण त्या दणकेबाज शब्दाने सैनिकांचं काय भलं केलं ते पाहू. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. लगेच सैन्यापुढे पेच पडला: तोफगोळा न लागता जो हादरला तो जखमी की आजारी? मग रुग्णाच्या नोंदीवर शब्दापुढे एक अक्षर आलं. 'डब्ल्यू' म्हणजे वूंडेड, 'एस' म्हणजे सिक. 'डब्ल्यू' मिळाला तर गणवेशाच्या बाहीवर जखमेची पट्टी लावायचा मान आणि पेन्शनचा हक्क. 'एस' मिळाला तर यातलं काहीच नाही. एकाच खंदकातली, सारखीच थरथरणारी दोन माणसं, आणि मध्ये एका अक्षराची भिंत. १९१७ मध्ये तर सैन्याने आघाडीवर हा शब्द वापरायलाच बंदी घातली. त्याऐवजी 'एन वाय डी एन' लिहा असं फर्मान निघालं; अर्थ एवढाच की मज्जासंस्थेचं काहीतरी आहे, निदान अजून झालेलं नाही. त्या युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ज्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातल्या त्यांतले काही याच आजाराने खचलेले होते. त्यांना माफी मिळायला २००६ उजाडलं.

आणि तो बेचव शब्द? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तो १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत घातला, तोही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं लावून धरल्यावर. त्या नोंदीत लक्षणं होती, निकष होते. निकष असल्यामुळे उपचार मागता आले, भरपाईचा अर्ज करता आला, अर्ज फेटाळला तर अपील करता आलं. 'शेल शॉक' ऐकून श्रोत्याला कळवळा यायचा, हे खरं. पण त्या माणसाला हवी होती पेन्शन.

शब्द खोटा नसला म्हणून तो निर्दोष ठरतो, असंही नाही. १९४५ मध्ये जर्मनी कोसळली तेव्हा लाखो जर्मन सैनिक दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आले. १९२९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याला तुमच्या छावणीतल्या सैनिकाइतकंच अन्न द्यावं लागतं. तेवढं अन्न देणं शक्य नव्हतं, किंवा द्यायचं नव्हतं. अमेरिकनांनी या लोकांसाठी 'डिसआर्म्ड एनिमी फोर्सेस' असा वर्ग काढला, ब्रिटिशांनी 'सरेंडर्ड एनिमी पर्सोनेल'. आता या शब्दांत खोटं काय आहे? ते निःशस्त्र होते, शत्रू होते, शरण आलेले होते. अक्षर अन् अक्षर खरं. फक्त 'प्रिझनर ऑफ वॉर' हे तीन शब्द त्यात नव्हते आणि त्यांच्याबरोबर येणारी शिधापत्रिकाही नव्हती. याच युक्तीचा प्रयोग त्याआधी, त्याहून क्रूर हेतूने, जर्मनीने केला होता. १९४३ मध्ये इटलीने बाजू बदलल्यावर पकडलेल्या सहा लाखांच्या घरातल्या इटालियन सैनिकांना 'लष्करी स्थानबद्ध' म्हटलं, म्हणजे रेडक्रॉसला दारात उभं करायला नको आणि त्यांना कारखान्यांत राबवता येईल. हिटलरच्या राजवटीला आणि तिचा पाडाव करणाऱ्यांना एकाच शब्दापासून पळावं लागलं, ही गोष्ट त्या शब्दाची ताकद सांगते.

आता 'वॉर' या शब्दाकडेच येऊ, कारण पाटीच्या वादात तोच प्रामाणिकपणाचा पुतळा म्हणून उभा केला जातो. १९२८ मध्ये केलॉग-ब्रियांद करार झाला. राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग, अशी प्रतिज्ञा जगातल्या बड्या देशांनी केली, त्यात जपानही होता. तीनच वर्षांनी जपान चीनच्या मांचुरिया प्रांतात घुसला आणि त्याला म्हणाला 'घटना'. १९३७ मध्ये चीनवर चाल केली तीही 'घटना'. युद्ध म्हटलंच नाही, मग करार कसा मोडला? आणि नुसत्या जपानलाच का नावं ठेवा? तेव्हा चीननेही युद्ध जाहीर केलं नाही, कारण दोघांनाही अमेरिकेकडून माल हवा होता आणि युद्ध असं नाव पडलं की अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा आड आला असता. पुढे १९५६ मध्ये सुएझवर फौजा उतरवताना ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी संसदेला सांगितलं की हे युद्ध नव्हे, सशस्त्र संघर्ष आहे. कोरियाचं १९५० चं युद्ध 'पोलीस ॲक्शन' ठरलं. अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारल्याची शेवटची तारीख जून १९४२ मधली आहे.

इथे वाचक म्हणेल, बघा, म्हणूनच आम्ही म्हणतो की युद्धाला युद्ध म्हणा! पण १९४९ मध्ये जिनिव्हात जमलेले कायदेपंडित या रोगावर अगदी उलट औषध घेऊन आले. त्यांनी ओळखलं की 'वॉर' हा शब्द हुकमी पत्ता आहे आणि तो हातात धरायचा की टाकायचा हे सरकार ठरवतं. म्हणून चारही करारांच्या सामाईक दुसऱ्या कलमात त्यांनी लिहिलं की जाहीर युद्धाला तर हे नियम लागू आहेतच, पण इतर कोणत्याही सशस्त्र संघर्षालाही आहेत, एका बाजूने युद्धाची स्थिती मान्य केली नाही तरीही. ज्याला आपण मिळमिळीत समजतो तो 'आर्म्ड कॉन्फ्लिक्ट' हा शब्द पळवाट बुजवण्यासाठी आणलेला होता. ईडन यांनी तो 'युद्ध नव्हे' म्हणायला वापरला खरा, पण सशस्त्र संघर्ष असला की जिनिव्हाचे नियम लागू होतात हे त्या करारात लिहून ठेवलेलं होतं.

कधी कधी तर शब्दाचा मवाळपणाच कामी येतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा केनेडींच्या टेबलावर 'सर्जिकल' हवाई हल्ल्याचा पर्याय होता. हवाई दलाचे जनरल स्वीनी यांनी सांगून टाकलं की मोठा हल्ला केला तरी सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील याची खात्री देता येत नाही. म्हणजे शस्त्रक्रियेचा तो सुबक शब्द खोलीतच उघडा पडला. केनेडींनी जहाजं अडवायचं ठरवलं आणि त्याला 'ब्लॉकेड' न म्हणता 'क्वारंटाइन' म्हटलं. नाकेबंदी ही आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाची कृती मानली जाते, विलगीकरण मानलं जात नाही. शब्दाची चलाखी? उघड उघड. पण त्या चलाखीने मॉस्कोला माघारीला वाट ठेवली. जहालवाद्यांना विचारावंसं वाटतं, त्या आठवड्यात तुम्हाला खरा शब्द हवा होता का?

माझ्या म्हणण्यावरचा अधिक बोचरा आक्षेप निराळाच आहे. व्याख्या सरकारंच करतात, वकील सरकारच्या पदरी असतात, तेव्हा कायद्याचा शब्द म्हणजे चोराच्याच हातात किल्ली, असं कुणी म्हणेल. हे बऱ्याच अंशी खरं आहे. जानेवारी २००२ मध्ये क्यूबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावर पहिले कैदी आले ते 'डिटेनी', म्हणजे नुसते स्थानबद्ध, म्हणून, युद्धकैदी म्हणून नव्हे, आणि ही विभागणी अतिशय हुशार वकिलांनी केली होती. पण पुढचं पाहा. बिन लादेनचा एकेकाळचा ड्रायव्हर सलीम हमदान याचा खटला २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला आणि वादाचा एक मुख्य मुद्दा अडला तो जिनिव्हाच्या सामाईक तिसऱ्या कलमातल्या एका शब्दसमूहावर: 'आंतरराष्ट्रीय स्वरूपाचा नसलेला संघर्ष'. सरकार म्हणालं, अल् कायदाशी लढाई अनेक देशांत पसरली आहे, तेव्हा ती आंतरराष्ट्रीय, म्हणून हे कलम लागू नाही. न्यायालय म्हणालं, आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधला. ही लढाई तशी नाही, म्हणून कलम लागू. सरकार हरलं. कायद्याचा शब्द कागदावर होता म्हणून हरलं. 'वॉर ऑन टेरर' हा केवढा दणदणीत शब्द, पण दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या संयुक्त राष्ट्रांत आजतागायत झालेली नाही, आणि लष्करी बळ वापरायची परवानगी देणाऱ्या अमेरिकन संसदेच्या २००१ च्या ठरावावर बोट ठेवून ज्या 'असोसिएटेड फोर्सेस'विरुद्ध, म्हणजे संलग्न फौजांविरुद्ध, देशोदेशी हल्ले झाले तो शब्दप्रयोग त्या ठरावात मुळी नाहीच.

म्हणून मी एक साधी खूण धरून चालतो: सरकार कोणता शब्द टाळतं आहे ते बघायचं. १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना अमेरिकन प्रवक्ते 'कत्तल', 'हत्याकांड' हे शब्द बिनदिक्कत वापरत होते. अडखळले ते 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार, या शब्दापाशी. जूनमध्ये वार्ताहरांनी घेरल्यावर प्रवक्त्या म्हणाल्या, 'जेनोसाइडची कृत्यं' झाली आहेत. हा शब्द राफाएल लेमकिन या कायदेपंडिताने १९४४ मध्ये ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून बनवलेला, ग्रंथालयात जन्मलेला. भावनेने पाहिलं तर 'कत्तल' त्याच्या कितीतरी पुढे. पण १९४८ च्या कराराने त्याला प्रतिबंधाचं कर्तव्य चिकटवलं होतं, म्हणून तो जिभेवर येईना.

आताही तेच चाललं आहे. 'वॉर' हे नाव मिरवणाऱ्या याच प्रशासनाने सप्टेंबर २०२५ पासून कॅरिबियन समुद्रात अमली पदार्थांच्या संशयावरून बोटी उडवायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवलं की हा टोळ्यांशी चाललेला सशस्त्र संघर्ष आहे, कारण तसं म्हटल्याशिवाय ठार मारायचा अधिकार मिळत नाही. अध्यक्षाला सैन्य गुंतवण्यासाठी काँग्रेसची परवानगी ६० दिवसांत मिळवायला लावणारा १९७३ चा कायदा आडवा आला, तेव्हा त्यांच्या वकिलांची भूमिका अशी बाहेर आली की या 'हॉस्टिलिटीज', म्हणजे शत्रुत्वाच्या लष्करी कारवाया, नव्हेतच, कारण आपल्या सैनिकांना धोका नाही. युद्ध म्हणायला अडचण नाही, संघर्ष म्हणायलाही नाही, अडचण आहे ती या एका जडजंबाल शब्दाची.

ही युक्तीही नवी नाही. २०११ मध्ये लिबियावरच्या हल्ल्यांना ६० दिवस उलटून गेले तेव्हा ओबामांच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरल्ड को यांनी सिनेटच्या समितीसमोर जवळपास हाच युक्तिवाद केला होता. १९७३ चा कायदा लिहिणाऱ्यांनी हा शब्द मुद्दाम निवडला होता. 'आर्म्ड कॉन्फ्लिक्ट'पेक्षा तो व्यापक आहे, एकही गोळी सुटली नसली तरी लागू पडावा, असं समितीच्या अहवालात नमूद आहे. अहवालात आहे, कायद्यात नाही. कायद्यात 'हॉस्टिलिटीज'ची व्याख्याच केलेली नाही. ती घालायला काँग्रेसला इतक्या वर्षांत कुणी अडवलेलं नाही. लिबियाच्या वेळी या फटीवर आरडाओरड करणाऱ्यांत रिपब्लिकन पुढे होते, बोटींच्या वेळी डेमोक्रॅट आहेत, आणि दुरुस्ती दोघांनीही केलेली नाही.